नांगीला ठाऊक असलेला नकाशा

खिडकीच्या चौकटीला चिकटलेलं कुंभारीण माशीचं मातीचं घर यंदा मेमध्ये मी सुरीने उचकटलं. एका कप्प्यातून नऊ कोळी ताटलीत पडले. हिरवट, करडे, एक पट्ट्यापट्ट्यांचा. मेलेलेच वाटले. भिंग धरलं तेव्हा एकाच्या पायाचं टोक सावकाश आखडलं आणि पुन्हा सैल पडलं. पोटं टवटवीत होती, सांधे मऊ होते. सगळ्यांत खालच्या कोळ्याच्या पोटाला तांदळाच्या कणीएवढं पांढरट अंडं होतं.

हे दृश्य आपल्याकडे फार जुन्या काळापासून लोकांनी पाहिलेलं आहे. कुंभारीण किडा आणून मातीत कोंडते, त्याच्याभोवती गुणगुणते, आणि भीतीने तिचाच ध्यास घेतलेला तो किडा शेवटी कुंभारीण होऊन बाहेर पडतो, असं मानलं गेलं. प्रवचनांतला भ्रमरकीटक न्याय तो हाच. पाहणं चोख होतं. किडा आत जातो आणि बाहेर माशी येते, हे खरंच आहे. अंड्यातून निघून तो किडा खात वाढणारी मधली अळी तेवढी कोणाच्या नजरेस पडली नव्हती.

त्या मधल्या गोष्टीचा शोध युरोपात एकोणिसाव्या शतकात लागत गेला. लेआँ द्युफूर या फ्रेंच डॉक्टरने 1841 मध्ये अशाच एका शिकारी माशीच्या बिळांतून चकचकीत भुंगेरे उकरून काढले. ते इतके ताजे होते की त्याने तर्क केला, माशी त्यांना मारते आणि कुजू नये म्हणून मसाला भरावा तसा काही द्रव आत सोडते.

हे वाचून झाँ-आंरी फाब्र हा आविन्याँचा शाळामास्तर कामाला लागला. त्याची माशी वेगळी होती, धान्यातल्या सोंड्याच्या जातकुळीतले मोठे सोंडकिडे पकडणारी. बिळातून काढलेले हे किडे कित्येक दिवस विष्ठा टाकत राहतात, हे त्याला दिसलं. म्हणजे ते जिवंत होते, फक्त हलू शकत नव्हते. मग त्याने माशीच्या तोंडून शिकार काढून घेतली, तिथे जिवंत सोंडकिडा ठेवला आणि नांगी कुठे बसते ते पाहिलं. ती दर वेळी एकाच फटीत बसत होती, छातीखाली, पायांच्या पहिल्या आणि दुसऱ्या जोडीच्या मध्ये. 1855 मध्ये त्याने हे छापलं.

फाब्रचं खरं मोठेपण मला त्यापुढच्या प्रश्नात दिसतं. हीच फट का? एमिल ब्लांशार या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने भुंगेऱ्यांच्या मज्जासंस्थेचं विच्छेदन करून ठेवलं होतं, ते त्याने समोर घेतलं. कीटकाची मज्जासंस्था पोटाच्या बाजूने जाते. दुहेरी दोरी, आणि तिच्यावर थोड्या थोड्या अंतराने मज्जापेशींच्या गाठी. डोक्यातली गाठ मोठी, तिला आपण मेंदू म्हणतो. पण पाय हलवण्याचं काम छातीतल्या गाठी बरंचसं आपापल्या पातळीवर उरकतात. म्हणून डोकं तुटलेल्या झुरळाचे पायही कितीतरी वेळ वळवळतात. काही भुंगेऱ्यांत मात्र छातीच्या गाठी सरकून एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि ही माशी नेमके तसलेच भुंगेरे निवडते.

फाब्रने स्वतः त्या जागी सुईने अमोनियाचा थेंब सोडला. गाठी एकवटलेले किडे तत्काळ गळाले. सुट्या गाठींचे किडे तडफडले आणि पुढे सावरले. अळीच्या प्रत्येक वळ्याला वेगळी गाठ असते, म्हणून अळी पकडणारी माशी एकामागून एक वळ्याला डंख करत जाते, हेही त्याने नोंदवलं. कोळ्याचं शरीर याच्या अगदी उलट आहे. त्याची जवळपास सगळी मज्जासंस्था पुढच्या भागात एका गोळ्यात जमलेली असते आणि अन्ननलिका त्या गोळ्यातूनच आरपार जाते. अगदी बारक्या कोळ्यांत हा गोळा पायांच्या मुळापर्यंत पसरलेला 2011 मध्ये दिसला. माझ्या ताटलीतल्या कोळ्यांना डंखांची मालिका लागलीच नसणार.

फाब्रने यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. ही सहजप्रेरणा कधी चुकत नाही, ती हळूहळू घडलेली असणं शक्यच नाही, असं तो म्हणत राहिला. अमेरिकेत विस्कॉन्सिनला जॉर्ज आणि एलिझाबेथ पेकम या दांपत्याने उन्हात बसून अळ्या पकडणाऱ्या माश्या पाहिल्या आणि 1898 मध्ये लिहिलं की डंखांची संख्या आणि जागा बदलते, काही अळ्या मरतातही, आणि माशीच्या पिल्लाचं तरीही भागतं. म्हणजे नकाशा ढोबळ होता, पण पुरेसा होता.

विसाव्या शतकात प्रश्न विषाकडे वळला. मधमाश्या पकडणाऱ्या एका माशीच्या विषातल्या घटकाची रचना 1988 मध्ये उलगडली. मज्जातंतूकडून स्नायूला निरोप पोचवायला कीटक ग्लुटामेट वापरतात, आणि तो निरोपच हे द्रव्य अडवतं. आपल्या स्नायूंना निरोप देणारं रसायन दुसरं आहे.

याच काळात निरोपाची यंत्रणा दुसऱ्या वाटेनेही उलगडत होती, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1962 मध्ये ओबेद सिद्दीकींनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला. ऊब वाढली की लुळ्या पडणाऱ्या आणि थंडावा मिळाला की उठून चालणाऱ्या फळमाश्यांवर सिद्दीकी आणि अमेरिकी शास्त्रज्ञ सेमूर बेन्झर यांनी 1976 मध्ये निबंध लिहिला. सिद्दीकींच्याच प्रयोगशाळेत मूळ गोव्याच्या घरातल्या, नैरोबीत जन्मलेल्या व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांनी माशीचा वास आणि चव यांचा माग घेतला. लुळ्या पडणाऱ्या माश्यांपैकी एका वाणातला दोष मज्जातंतूत सोडियमला आत घेणाऱ्या, निरोप पुढे नेणाऱ्या दारात निघाला. आपण संध्याकाळी लावतो त्या मच्छर कॉइलमधलं औषध डासाच्या याच दाराला धरतं आणि ते मिटू देत नाही.

सगळ्यांत विलक्षण उदाहरण स्वयंपाकघरातल्या लालसर मोठ्या झुरळाचं आहे. पन्नासारखी हिरवी, लाल मांड्यांची एक माशी त्याला दोनदा डंख करते. पहिला छातीत, पुढचे पाय दोन-तीन मिनिटं लुळे होतात. तेवढ्यात दुसरा, गळ्यातून वर, थेट मेंदूत. 2003 मध्ये इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठात फ्रेडरिक लिबरसॅट यांच्या गटाने किरणोत्सारी खूण केलेलं विष वापरून ते मेंदूतच उतरतं हे दाखवलं. झुरळ आधी अर्धा तास मिशा साफ करत बसतं. मग उभं राहतं, पण स्वतःहून निघत नाही. पाय धड आहेत, उलटं केलं तर सरळ होतं. चालायला सुरुवात करण्याची ऊर्मी तेवढी गेलेली असते. माशी त्याच्या मिशा अर्ध्यावर कुरतडते आणि उरलेलं खुंट धरून, वेसणीने बैल न्यावा तसं त्याला बिळाकडे चालवत नेते. अंडं घातलं गेलं नाही तर साधारण आठवड्याभरात झुरळ पूर्ववत होतं.

फाब्रचा प्रश्न मात्र अजून उभा होता. नांगीला जागा कळते कशी? त्याच गटाने 2014 मध्ये दाखवलं की नांगीच्या टोकालाच स्पर्श जाणणारी बारीक इंद्रियं आहेत. त्यांनी मेंदू काढून घेतलेली झुरळं माशीपुढे ठेवली. एरवी मिनिटभरात उरकणाऱ्या माशीने त्या रिकाम्या डोक्यात नांगी घातली आणि कितीतरी जास्त वेळ ती आत फिरवत, चाचपत राहिली.