मृदा-चूषण

अंशतः ओल्या मातीच्या रंध्रांत पाणी व हवा एकत्र असतात. त्यांतील पाण्याचा दाब हवेच्या दाबाहून जितका कमी असतो, त्या फरकास मृदा-चूषण म्हणतात. मातीचे बळ, तिचे फुगणे, आकसणे वा खचणे हे केवळ पाणी किती आहे यावर नव्हे, तर ते किती ताणाने धरलेले आहे यावरही ठरते. खानदेशातील शेतकरी ‘वाफसा आला’ म्हणतो, तेव्हा तो ही अवस्था हाताने ओळखत असतो : मोकळे पाणी निचरून गेलेले, उरलेले कणांच्या सांध्यांत अडकलेले; मूठ वळली तर गोळा होतो आणि बोटाने दाबला की फुटतो.

कणांमधील फटीत पाण्याचा पृष्ठभाग अंतर्वक्र होतो आणि पृष्ठताणामुळे कण एकमेकांवर आवळले जातात. १ मायक्रोमीटर त्रिज्येच्या छिद्रात ही ओढ सुमारे १४५ किलोपास्कल, म्हणजे जवळपास १५ मीटर उंच जलस्तंभाएवढी भरते. संपृक्त, म्हणजे सर्व रंध्रे पाण्याने भरलेल्या, मातीसाठी मृदा-अभियंते कार्ल टेर्झागी यांनी १९२० च्या दशकात मांडलेले तत्त्व सरळ आहे : एकूण प्रतिबलातून (एकक क्षेत्रावरील भारातून) रंध्रांतील पाण्याचा दाब वजा केला की प्रभावी प्रतिबल, म्हणजे कणांच्या सांगाड्याने पेललेला भाग, मिळते. अभियंते बिशप यांनी १९५९ मध्ये ते असंपृक्त, म्हणजे रंध्रांत हवाही असलेल्या, मातीला लागू करण्यासाठी संपृक्ततेवर अवलंबून असणारा गुणक जोडला. तरीही एक कोडे राहिले. भिजल्यावर चूषण घटते, प्रभावी प्रतिबल कमी होते, म्हणजे माती थोडी तरी फुगावी. प्रत्यक्षात भार असलेली सैल माती भिजताच खचते. फ्रेडलुंड व मॉर्गेनस्टर्न यांनी १९७७ मध्ये बाह्य भार आणि चूषण ही दोन स्वतंत्र चले मानली, तेव्हा मांडणी सुटसुटीत झाली.

तापी-गिरणेच्या खोऱ्यांतील काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट हे फुगणारे खनिज असते. वैशाखातले तिचे ढेकूळ हातोडीने फुटत नाही. तेच पाण्याच्या वाटीत ठेवले की कडेने बुडबुडे निघतात आणि काही मिनिटांत त्याचा गाळ होतो, कारण बाहेरचे चूषण संपते आणि आत कोंडलेली हवा सांधे उकलते. घराखालीही हेच घडते, फक्त सावकाश. पावसाळ्यात जोत्याच्या कडेची माती आधी भिजून फुगते, मधली कोरडीच राहते आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा जातो. पाया कच्चा होता असे मिस्त्री सांगतो; ते अर्धेच खरे असते. धाब्याच्या (सपाट मातीच्या छताच्या) घरांची गोष्ट उलटी : झड लागली की छतावरची माती भिजून जड होते, त्याच वेळी मातीच्या भिंतीचे बळ चूषणासोबत ओसरते, आणि फुगण्याऐवजी भिंत बसते.

उपाय दोन परिचित आहेत. पहिला, ऋतूनुसार ओल बदलणाऱ्या थराच्या खाली, साधारण ३.५ मीटरपर्यंत, तळाशी फुगीर केलेले खांब रोवणे. दुसरा, कालव्यांच्या अस्तराखाली न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देणे.

केळीच्या बागेत ठिबकची वेळ ठरवण्यासाठी टेन्शिओमीटर (चूषण मोजणारी पाणी भरलेली नळी) पुरतो, पण सुमारे ८० किलोपास्कलच्या पुढे त्यातील पाण्यात बुडबुडे धरतात. उन्हाळी ढेकळाचे चूषण हजारो किलोपास्कलमध्ये असते. ते मोजायला गाळणकागद मातीसोबत बंद बरणीत आठवडाभर ठेवतात आणि त्याने ओढलेल्या ओलीचे वजन करतात.