स्की-क्षेत्र मोठे की मोजपट्टी लवचीक?

फ्रान्समधले ‘ले त्रुआ व्हाले’ हे स्की-क्षेत्र आपल्या उतारवाटांची लांबी 600 किलोमीटर सांगते. कॅनडातले व्हिस्लर ब्लॅककोम्ब आपले क्षेत्रफळ 8,171 एकर सांगते. इटलीतल्या दोलोमिती सुपरस्कीचा आकडा 1,200 किलोमीटर. खोटे कोणीच बोलत नाही, पण हे तीन आकडे शेजारीशेजारी मांडून काहीच ठरवता येत नाही.

दोलोमितीचे कोडे लगेच सुटते. 1,200 किलोमीटर एका पासवर मिळतात, पण ते सलग नाहीत. ही बारा वेगवेगळी क्षेत्रे आहेत आणि त्यांतल्या कित्येकांमध्ये जायला बस किंवा गाडीच लागते. पायातली स्की न काढता एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाता आले पाहिजे, एवढी एकच अट घातली की त्रुआ व्हाले पुढे सरकते. कुर्शव्हेल, मेरिबेल आणि व्हाल तोरांस यांच्या खोऱ्यांना दीडशेहून अधिक लिफ्ट जोडतात.

किलोमीटर आणि एकर यांतला फरक कामाच्या पद्धतीतून आला आहे. युरोपात खांब रोवून आखलेली, रात्री यंत्राने दाबून सपाट केलेली उतारवाट, म्हणजे पिस्ट, एवढीच व्यवस्थापनाची जबाबदारी. खांबांच्या पलीकडे गेलात तर हिमस्खलनाचा धोका तुमचा तुम्ही पत्करायचा. उत्तर अमेरिकेत सगळ्या क्षेत्राला एक सीमा असते. तिच्या आतले झाडीतले उतार, वाडग्यासारखे खोलगट उतार, सगळे गस्तीपथक सांभाळते आणि जिथे बर्फ सुटण्याची भीती असेल तिथे सुरुंग लावून तो आधीच पाडते. म्हणून तिथे क्षेत्रफळ मोजणे रास्त ठरते.

तरी ढोबळ ताळा करून पाहता येतो. पिस्टची रुंदी सरासरी 40 मीटर धरली, तर एक किलोमीटर म्हणजे 4 हेक्टर. त्या हिशेबाने 600 किलोमीटरचे 2,400 हेक्टर होतात. व्हिस्लरचे 8,171 एकर म्हणजे सुमारे 3,300 हेक्टर. मात्र त्रुआ व्हालेत दोन पिस्टच्या मधला डोंगर या हिशेबात आलेलाच नाही. तो धरला तर पारडे फिरते.

आता किलोमीटरच कसे मोजले, ते पाहू. जर्मन स्की-सल्लागार क्रिस्टोफ श्राहे यांनी 2013 मध्ये मोठ्या क्षेत्रांच्या उतारवाटा डिजिटल नकाशांवर स्वतः मोजल्या. व्हर्बिएभोवतालच्या स्विस ‘कात्र व्हाले’चा दावा 412 किलोमीटरचा होता, भरले 164. एवढी तफावत पडते कशी? नकाशावरची आडवी लांबी उतारावर थोडी वाढते हे खरे, पण 15 अंशांच्या उतारावर ती जेमतेम साडेतीन टक्के वाढते आणि 25 अंशांवर दहा टक्के. खरा फुगवटा वळणांतून येतो. स्की करणारा नागमोडी जातो, तेव्हा त्याने कापलेले अंतर मोजायचे, असा युक्तिवाद केला जातो. एकापुढे एक अर्धवर्तुळे काढत खाली आलात, तर अंतर सरळ रेषेच्या 1.57 पट होते, म्हणजे 100 किलोमीटरचे 157. त्यात रुंद पिस्ट दोनदा धरायची, डोंगरावरचा सपाट जोडरस्ताही मिळवायचा, की आकडा हवा तेवढा होतो. पिस्टच्या मधल्या रेषेची लांबी हेच एकमेव प्रामाणिक माप, असे माझे मत.

क्षेत्र कितीही मोठे असो, त्यातले स्कीसाठी खुले किती, हा प्रश्न डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये जास्त महत्त्वाचा. इथे उंची कामी येते. व्हाल तोरांस गावच 2,300 मीटरवर आहे. उलट फ्रान्स-स्वित्झर्लंड सीमेवरच्या पोर्त द्यु सोलेय या तितक्याच अवाढव्य क्षेत्रातले मोर्झिन जेमतेम 1,000 मीटरवर आहे, त्यामुळे तिथे पाऊस पडला की खालच्या वाटांवरचा बर्फ निघून जातो. मग कृत्रिम बर्फ करावा लागतो. त्यासाठी हवेचे आर्द्र तापमान, म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरवर दिसणारे, साधारण उणे 2 अंशांखाली हवे. हवा चांगली कोरडी असेल तर साधा थर्मामीटर शून्याच्या वर एक-दोन अंश दाखवत असतानाही बर्फ होतो. दमट हवेत उणे 1 लाही होत नाही. एक घनमीटर पाण्यातून दोन ते अडीच घनमीटर बर्फ मिळतो. एक किलोमीटर लांब, 40 मीटर रुंद पिस्टवर 30 सेंटिमीटरचा थर द्यायचा तर 48 ते 60 लाख लिटर पाणी लागते, म्हणजे दहा हजार लिटरचे पाचसहाशे टँकर.

लिफ्टचे गणितही असेच बारकाईने पाहावे. सहा आसनी चेअरलिफ्टची क्षमता ताशी 3,000 माणसे असेल, तर दर 7.2 सेकंदांनी एक पाळणा सुटतो. दोर सेकंदाला 5 मीटर धावत असेल, तर दोन पाळण्यांत 36 मीटर अंतर राहते. स्थानकात पाळणा दोरावरून सुटतो आणि संथ होतो, म्हणून बसता येते. पाळणा दोराला कायमचा जखडलेल्या जुन्या लिफ्टचा वेग याच्या निम्माच असतो.

प्रचंड क्षेत्रात हमखास होणारी चूक म्हणजे परतीची वेळ चुकवणे. व्हाल तोरांसहून कुर्शव्हेलला येताना मधले मेरिबेलचे खोरे ओलांडावे लागते, म्हणजे दोन डोंगरधारा चढून उतरायच्या. धारेवर वारा सुटला की नेमक्या याच जोडलिफ्ट आधी बंद होतात. शेवटची लिफ्ट हुकली तर खालच्या मुतिए गावापर्यंत उतरून पुन्हा वर चढणारा रस्ता आणि महागडी टॅक्सी, एवढेच हाती उरते. म्हणून सकाळी निघतानाच जोडलिफ्टच्या बंद होण्याच्या वेळा टिपून ठेवाव्यात आणि तासभर हातचा राखावा.

किलोमीटरच्या मापाने आपले गुलमर्ग कुठेच बसत नाही, कारण तिथे आखलेल्या पिस्ट थोड्याच. पण गोंडोला, म्हणजे बंद डब्यांचा रोपवे, 2,650 मीटरवरून अफरवट डोंगराच्या कुशीत सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेते. तेराशे मीटरचा हा उतार आल्प्समधल्या नावाजलेल्या जागांच्या तोडीचा आहे. फक्त वरच्या टप्प्यावरून यंत्राने दाबलेली वाट मिळेल, ही अपेक्षा ठेवू नये. ताज्या हिमवर्षावानंतर किंवा जोरदार वाऱ्यात हा टप्पा बंद राहू शकतो. गस्तीपथकाच्या हद्दीबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (बर्फाखालच्या माणसाचा ठाव लावणारे रेडिओ-यंत्र), बर्फात खुपसायची शोधकांडी आणि फावडे हवेच, आणि ते वापरता यायला हवे. हिमस्खलनात गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढू शकतो तो सोबतचाच माणूस. मदतपथक बहुधा त्यानंतर पोहोचते.