हेडर बसवला आणि चेक इंजिनचा दिवा लागला

शेवरोले किंवा फोर्डच्या व्ही-८ गाडीचा मूळचा बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून लांब नळ्यांचे हेडर बसवले, की आवाज भारदस्त होतो, वरच्या आरपीएमला इंजिन मोकळं धावतं आणि बऱ्याचदा थोड्याच दिवसांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. अमेरिकेत हा छंद जुना आहे आणि त्यासोबत येणारी ही कटकटही तिथे सगळ्यांच्या ओळखीची. स्कॅनर लावला की पी०१७१ किंवा पी०४२० दिसतो आणि माणूस लगेच नवा ऑक्सिजन सेन्सर मागवतो. तो पैसा बहुतेकदा वाया जातो.

कोड म्हणजे बिघडलेल्या पार्टचं नाव नव्हे. संगणकाला सेन्सरकडून काय कळलं आणि त्यातलं काय पटलं नाही, एवढंच तो सांगतो. पी०१७१चा अर्थ ‘पहिल्या बँकेत मिश्रण लीन’, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त. (बँक म्हणजे व्ही-८च्या सिलिंडरांच्या दोन रांगांपैकी एक.) हा निष्कर्ष निघतो एक्झॉस्टमधल्या झिर्कोनियाच्या छोट्याशा तुकड्यावरून. १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत बॉशने असा सेन्सर पहिल्यांदा बसवला. त्याच्या एका बाजूला बाहेरची हवा असते, दुसऱ्या बाजूला इंजिनातून आलेला धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकावर तो व्होल्टेज देतो: मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, लीन असेल तर ०.१च्या आसपास. पेट्रोल किती गेलं याची त्याला काहीच कल्पना नसते, त्याला फक्त ऑक्सिजन कळतो. (नव्या गाड्यांत पुढच्या जागी, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, बहुधा वाइडबँड सेन्सर असतो. त्याचे आकडे वेगळे, पण त्यालाही ऑक्सिजनवरूनच अंदाज करावा लागतो.)

आता हेडरचं काम पाहू. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की गरम वायूचा लोट नळीतून धावत सुटतो आणि त्याच्या मागे क्षणभर दाब पडतो. हा पडलेला दाब सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेतो. लोक हेडरवर पैसे खर्च करतात ते याच ओढीसाठी. पण हेडच्या तोंडाशी गॅस्केट नीट बसलं नसेल, तर तीच ओढ फटीतून बाहेरची हवा आत घेते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, तो ‘लीन’ म्हणून कळवतो आणि संगणक पेट्रोल वाढवतो. बाहेरची हवा येतच राहते, म्हणून पेट्रोलही वाढतच जातं. पोट भरलेल्या माणसाला उपाशी समजून वाढत राहावं, तसा हा प्रकार. कोड लीनचा असतो, इंजिन प्रत्यक्षात रिच चाललेलं असतं आणि मायलेज घसरतं.

हे ओळखायला स्कॅनरवरचा फ्युएल ट्रिम बघावा. संगणकाने ठरलेल्या मापापेक्षा पेट्रोल किती टक्के वाढवलं किंवा घटवलं, ते तो आकडा सांगतो. दहाच्या आत असेल तर फारशी काळजी नको. पंचविसाच्या आसपास गेला की बहुतेक गाड्या दिवा लावतात. आयडलला ट्रिम खूप वाढलेला आणि २५०० आरपीएमला बराच खाली आलेला, तोही व्ही-८च्या एकाच बाजूला, असं दिसलं तर मी आधी त्या बाजूच्या हेडर गॅस्केटवर संशय घेईन. सकाळी थंड इंजिन चालू करून कान द्यावा. फटीतून टक टक असा आवाज येतो आणि धातू तापून फुगला की पुष्कळदा बंद होतो. गॅस्केटच्या कडेला काजळीची काळी रेघ दिसली, तर शंकेला जागा उरत नाही. हेडरचे बोल्ट काही वेळा तापून निवल्यावर ढिले पडतात. ते पुन्हा आवळणं हा फिटिंगचाच भाग आहे आणि नेमका तोच टाळला जातो.

याहून फसवी चूक वायरिंगची. लांब हेडरमध्ये सेन्सरची जागा खाली सरकते, म्हणून वायर वाढवावी लागते. डाव्या-उजव्या बाजूचे प्लग सारखेच असतात आणि गिअरबॉक्सजवळ शेजारी शेजारी लोंबत असतात. ते अदलाबदल झाले, की संगणक डाव्या बाजूचं पेट्रोल वाढवतो आणि परिणाम बघतो उजव्या बाजूच्या सेन्सरवर. तिथे काहीच बदलत नाही, म्हणून तो आणखी वाढवतो. दुसऱ्या बाजूला हेच उलटं घडतं. थोड्या वेळात एक ट्रिम अधिक पंचवीस, दुसरा उणे पंचवीस आणि पी०१७१सोबत पी०१७५ हजर! एक बाजू लीन, दुसरी रिच. ही जोडी दिसली की सेन्सर विकत घेऊ नये. वायर हाताने माग काढत जावी, एका बाजूचा पुढचा सेन्सर सोडावा आणि स्कॅनरवर कोणत्या बँकेचा सिग्नल गेला ते पाहावं. पहिली बँक म्हणजे एक नंबरच्या सिलिंडरची बाजू. सीटवर बसून पुढे पाहिलं, तर शेवरोलेच्या व्ही-८मध्ये ती डावीकडे, फोर्डच्या व्ही-८मध्ये उजवीकडे. गंमत म्हणजे ज्यांनी दोन्ही गाड्यांवर काम केलं आहे, तेच इथे जास्त चुकतात.

वायर नळीला टेकून वितळली तर पी०१३५, म्हणजे सेन्सरच्या हीटरचा कोड येतो. स्पार्क प्लगची केबल भाजली तर इंजिन मिसिंग मारतं आणि पी०३००च्या घरातले कोड येतात. त्या वेळी दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवू नये. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि कन्व्हर्टर कायमचा बाद होऊ शकतो.

पी०४२० वेगळा. कन्व्हर्टर नीट काम करत नाही, असं तो सांगतो. कन्व्हर्टरमधलं सिरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवतं आणि लागेल तसं सोडतं. म्हणून पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज वरखाली नाचत असलं, तरी मागच्याचं जवळपास स्थिर राहायला हवं. मागचाही तसाच नाचू लागला की संगणक कन्व्हर्टर निकामी ठरवतो. हेडरमुळे कन्व्हर्टर इंजिनपासून लांब गेला तर तो नीट तापत नाही. त्याच्या जागी स्वस्त ‘हाय-फ्लो’ बसवला असेल, तर साठवणच तोकडी असते. मागचा सेन्सर स्पेसर लावून बाहेर ओढायचा आणि संगणकाला फसवायचं, हा उपाय सर्रास सुचवला जातो. अमेरिकेत तो बेकायदा आहेच, शिवाय त्याने धूर तसूभरही सुधारत नाही.

आपल्याकडे ही गोष्ट आता बुलेटपर्यंत आली आहे. एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झालं, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं आणि बेंड पाइपवर ऑक्सिजन सेन्सर बसला. बाजारातला बेंड पाइप घालून जोड सैल ठेवला, तर तिथेही फसवं लीन मिश्रण दिसतं. गाडीतल्या बदलांवर बंधन घालणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा प्रश्न वेगळाच.

दुरुस्तीनंतर कोड पुसले तरी काम संपत नाही. पुसताना संगणकाच्या पूर्ण झालेल्या स्वयंचाचण्याही पुसल्या जातात आणि थंड स्टार्ट, शहर, हायवे असं चालवल्याशिवाय त्या पुन्हा होत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या स्मॉग (धुराच्या) तपासणीत २००० आणि त्यानंतरच्या मॉडेलच्या पेट्रोल गाडीची फक्त इंधनवाफेची चाचणी बाकी असली तर चालते. २०१०पासूनच्या मॉडेलमध्ये कायम नोंदीचे कोड हळूहळू आले. ते स्कॅनरने पुसता येत नाहीत आणि बॅटरी सोडूनही जात नाहीत. दोष गेल्याची संगणकाची स्वतःची खात्री पटली, की तो ते स्वतःच काढतो.