ट्राउटला बंदी थंडीत का?

हिवाळ्यात मनालीला गेलेली आपली मंडळी एका गोष्टीवर हमखास चिडतात. नदीत ट्राउट आहे, गळ सोबत आणलाय, परवान्याचे पैसे भरायची तयारी आहे, तरी मासेमारी बंद! हिमाचलात ट्राउटच्या नद्यांवर १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर गळ टाकता येत नाही. आपल्या डोक्यात बसलेली असते ती कोकणातली १ जून ते ३१ जुलैची बंदी. मासे पावसाळ्यात अंडी घालतात, मग थंडीत ही कसली नाटकं? ‘पाणी गार म्हणून मासे झोपलेले असतात’ असंही कुणीतरी ठोकून देतं.

ते झोपलेले नसतात, त्यांची वीण चालू असते. ब्राउन ट्राउट मूळचा युरोपातला. इंग्रजांनी गळाच्या हौसेपायी तो इथे आणून सोडला. दिवस लहान होऊ लागले की त्याची वीण जवळ येते. मादी आडवी होऊन शेपटीच्या फटकाऱ्यांनी तळाच्या बारीक गोट्यांत खड्डा करते (हेच तिचं घरटं), जेमतेम वाटाण्याएवढी अंडी त्यात सोडते आणि वर पुन्हा गोटे लोटते. पुढचं काम पाण्याचं. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि तो गोट्यांच्या फटींतून अंड्यांपर्यंत पोचतो.

अंडं कधी फुटणार, हे तापमानाच्या बेरजेवर ठरतं. रोजचं सरासरी तापमान सेल्सिअसमध्ये मिळवत जायचं. बेरीज साधारण ४०० ते ४५० झाली की पिल्लू बाहेर. म्हणजे १० अंशांच्या पाण्यात चाळीस-पंचेचाळीस दिवस, ५ अंशांत ऐंशी-नव्वद. (फार गार पाण्यात हे गणित जरा ढळतं, पण अंदाजाला पुरतं.) चंद्राच्या कला पाहून ‘आज मासा लागणार’ सांगणाऱ्या अ‍ॅपवर पैसे घालवण्यापेक्षा पाण्यात थर्मामीटर बुडवावा.

‘आम्ही मासा पकडून लगेच सोडतो, मग काय बिघडलं?’ हा सगळ्यात चिवट गैरसमज. वीण करून दमलेल्या माशाला गळाची झटापट महागात पडतेच, शिवाय पाण्यात उतरलं की आपले बूट अंड्यांवर पडतात. अमेरिकेत मोंटानातल्या संशोधकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अंडी फुटायच्या सुमारास घरट्यावरून एकदाच चालल्याने ४३ टक्क्यांपर्यंत जीव मेले होते.

डिसेंबरात हॉटेलात ताटात येणारा ट्राउट बहुधा मत्स्यशेतीत वाढवलेला रेनबो ट्राउट, म्हणजे ट्राउटचीच दुसरी जात, असतो. त्याचा नदीतल्या बंदीशी संबंध नाही.

आता बेरीज पुन्हा मांडा. नोव्हेंबरच्या मध्यात घातलेलं अंडं ५ अंशांत फेब्रुवारीच्या मध्यात फुटेल. पण पिल्लू लगेच वर येत नाही. पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर काही आठवडे गोट्यांतच काढतं. म्हणजे १ मार्चला परवाना मिळाला तरी उंचावरच्या ओढ्यांत घरटी भरलेलीच असू शकतात. तळाशी आजूबाजूपेक्षा उजळ, धुतल्यासारखा पट्टा दिसला, वरच्या अंगाला खळगा आणि खालच्या अंगाला उंचवटा, तर काठानेच पुढे जावं.