कीवर्ड म्हणजे विषयशीर्षक नव्हे

कीवर्ड म्हणजे काय हे सांगत बसत नाही; दिवसभर गूगलमध्ये आपण तेच टाइप करतो. मजकुरात जो शब्द छापलाय तो टाकला की सापडतं. संपलं.

घोळ होतो तो विषयशीर्षकात, म्हणजे ग्रंथालयाच्या तालिकेत लेखाला किंवा पुस्तकाला विषय म्हणून दिलेल्या नावात. समजा, सोलापूरच्या गिरण्यांवर तीन लेख आहेत. एकात ‘जुनी मिल’ म्हटलंय, दुसऱ्यात ‘सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग’, तिसऱ्यात इंग्रजी अमदानीतली ‘शोलापूर मिल’. गिरणी तीच. कीवर्ड टाकणाऱ्याला एक लेख मिळतो आणि बाकीचे दोन आहेत याचा पत्ताही लागत नाही. विषयशीर्षक देणारा मजकुरातला शब्द उचलत नाही. लेख कशाबद्दल आहे ते ठरवतो, ग्रंथालयाने विषयांच्या ठरवलेल्या नावांची जी यादी असते, तिच्यातलं मान्य नाव काढतो आणि तिन्ही लेखांना तेच देतो, मग ते लेखात एकदाही आलेलं नसलं तरी.

यावर ‘म्हणजे बाकीच्या शब्दांवर बंदी!’ असं कुणीतरी म्हणतंच. उलट, यादीचा जीव नाकारलेल्या शब्दांतच असतो. ‘जुनी मिल’ शोधणाऱ्याला ‘पाहा’ म्हणून मान्य नावाकडे पाठवायचं; ‘हातमाग’खाली ‘हेही पाहा: यंत्रमाग’ लिहायचं. पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या शोधसाइटवर, ‘हार्ट अटॅक’ टाका, ते मुकाट्याने ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या मेश (तिथली विषययादी) शीर्षकाखालीही शोधतं. ‘पाहा’ नसलेल्या एक्सेल फाइलला नियंत्रित शब्दावली (अशा मान्य नावांच्या यादीचं शास्त्रीय नाव) म्हणू नका, प्लीज. शिवाय ‘गिरणी’ कापडाची की पिठाची, हेही यादीनेच सांगायचं असतं.

वर्गांक म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरचा विषयाचा आकडा; त्याचा आणि विषयशीर्षकाचा फरक सोपा आहे. वर्गांकामुळे पुस्तकाला फळीवर एक जागा मिळते, शीर्षकं मात्र तीन-चार देता येतात. गिरणी संपावरचं पुस्तक ड्युई या वर्गीकरणात कामगार विषयाच्या 331 ला बसेल, कापड उद्योगाच्या 677 ला नाही. पण शीर्षकं दोन्हीची लावा.

माझं डोकं फिरतं ते कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरमधल्या नोंदी बघून. पुस्तकाच्या नावातले शब्द तोडून 650 मध्ये, म्हणजे नोंदीतल्या विषयशीर्षकाच्या रकान्यात, चिकटवलेले! अहो, नाव 245 च्या रकान्यात आहेच की. मनाचे शब्द घालायचेच असतील तर 653 आहे, ते त्याचसाठी केलंय. 650 मध्ये यादीतलंच जाऊ द्या. आणि ती यादी एकाच माणसाच्या हाती ठेवा. समितीकडे गेली की ‘पॉवरलूम’ही मान्य होतो आणि ‘यंत्रमाग’ही.