देव बघतोय म्हणून?

'देव मानत नाहीस, मग तुझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा कसा?' कोकणातल्या गावात हा प्रश्न आजही विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. तिथे शब्द पाळण्याची रीतच देवाला साक्षी ठेवून पडली आहे. शेताच्या मेरेवरून किंवा माडावरून वाद झाला की 'चल देवळात, ठेव नारळ' असं सहज तोंडातून जातं.

सिंधुदुर्गातलं देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं एकदा जवळून ऐकावं. समोर नारळ आणि पानाचा विडा. गाऱ्हाणं घालणारा 'बारा राठी, बारा वहिवाटी'च्या देवाला हाक मारतो, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला मागची मंडळी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. 'लेकराचा काय चुकला-माकला असात तर पदरात घे.' बोलणं देवाशी चाललेलं असतं, पण ऐकत सगळा गाव असतो. शेजाऱ्याच्या माडाचे नारळ उतरवणाराही त्याच घोळक्यात उभा असतो आणि त्यालाही 'व्हय म्हाराजा' म्हणावं लागतं. माणसाला सरळ ठेवण्यात त्या आवाजाचाही वाटा आहे, असं मला वाटतं. म्हणून देवाचा वाटा मात्र नाकारायचं कारण नाही. कोकणातल्या कितीतरी देवराया राखणदार देवाच्या धाकानेच कुऱ्हाडीपासून वाचल्या.

घोटाळा थोडा शब्दातही आहे. मराठीत 'धर्म' म्हणजे पूजाअर्चाही आणि कर्तव्यही. शेजारधर्म पाळायला कुठल्याच देवाचं नाव घ्यावं लागत नाही.

हा भेद या किनाऱ्यावर फार जुना आहे. नालासोपाऱ्याजवळ सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला, नवव्याचा १९५६ मध्ये. इतर ठिकाणी शाबूत राहिलेल्या प्रतींवरून नववा लेख पूर्ण वाचता येतो. आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात, पण त्यांचं फळ थोडं, असं अशोक म्हणतो. खरं मंगल कोणतं? दास आणि नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान, प्राण्यांशी संयमाने वागणं, श्रमण-ब्राह्मणांना दान. तोही परलोकातल्या फळाची आशा दाखवतो, हे खरं. तरी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, कोकणच्या गजबजलेल्या बंदरात, विधी आणि वागणूक यांत वागणुकीला वरचं स्थान देणारा हा दगड उभा होता.

प्रश्नाला खरी धार आली महाडला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात झाला होता. महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर अस्पृश्य मानल्या गेलेल्या हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. नंतर वीरेश्वराच्या देवळात घुसणार असल्याची अफवा उठली आणि परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले. पुढे तळ्याची 'शुद्धी' झाली. १०८ घागरींतून पंचगव्य ओतण्यात आलं. त्याच तळ्यावर गुरं पाणी पीत होती, त्याने मात्र ते कधी बाटलं नव्हतं.

त्या घागरी ओतणारी माणसं श्रद्धाळूच होती, हे मला विसरता येत नाही. २५ डिसेंबरला महाडलाच भरलेल्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृती जाळली गेली. परिषदेला महाडात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. दहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. धर्मग्रंथच न्यायाच्या तराजूत घातला गेला. तो तराजू ग्रंथातून आलेला असणं शक्य नव्हतं. ग्रीसमध्ये सॉक्रेटिसने हेच विचारलं होतं: देवांना आवडतं म्हणून ते पवित्र, की पवित्र आहे म्हणून देवांना आवडतं?

बाबासाहेबांनी नंतर काढलेला निष्कर्ष नेमका समजून घ्यायला हवा. धर्माची गरज नाही, असं ते म्हणाले नाहीत. नीती हाच धम्म, आणि त्यात देवाला जागा नाही, असं त्यांनी मांडलं.

दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या कर्वे घराण्यात हा प्रश्न दोन पिढ्यांनी सोसला. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे उघड नास्तिक. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांनी प्राध्यापकी गमावली आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते आंबेडकर. पदरमोड करून इतकी वर्षं बायकांच्या आरोग्याबद्दल लिहिणाऱ्या या माणसाला परलोकातल्या फळाची आशा नव्हती.

साक्षीचा प्रश्न कायद्यापुढेही आला. इंग्लंडमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये निवडून आले, पण नास्तिक असल्यामुळे शपथेवरून अडले. त्यांना सभागृहात रीतसर बसता आलं १८८६ मध्ये. आपल्या राज्यघटनेने तिसऱ्या अनुसूचीत दोन पर्याय शेजारी शेजारी ठेवले: 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. कोर्टातल्या साक्षीदारालाही अशी निवड आहे. कुडाळच्या कोर्टात कुणी कोणताही शब्द उच्चारला, तरी खोट्या साक्षीची शिक्षा तीच.