आधी वर्ष, मग तेल, मग पाना: उंची बदलणाऱ्या हायड्रॉलिक सस्पेन्शनची पार्श्वभूमी

दांडी सरकवली किंवा बटण दाबलं की वर-खाली होणारी गाडी घरच्या अंगणात दुरुस्त करता येते का? जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या सोलापूरच्या मंडळींत हा प्रश्न अधूनमधून निघतोच. कुणी परदेशातून आणलेली जुनी सिट्रोएन, ही फ्रेंच गाडी, पाहून विचारतं, कुणी वापरलेली लँड क्रूझर किंवा लेक्सस घ्यायला निघालं की विचारतं. येते, बरीचशी येते. पण गाडी कोणत्या काळातली आहे हे कळल्याशिवाय तिच्या एकाही नटाला पाना लावू नये. 1955 पासून गाडी तेलाच्या दाबावर तोलून धरणाऱ्या या हायड्रॉलिक सस्पेन्शनचं तेल तीनदा बदललं, आणि एका काळाचं तेल दुसऱ्या काळाच्या गाडीत गेलं की आतली रबरं खलास होतात. म्हणून इथे इतिहास माहीत असणं हा दुरुस्तीचाच भाग आहे.

आपल्या गॅरेजांना ही यंत्रणा परकी का वाटते, तेही आधी पाहू. भारतात मोटारी बनवण्याचं स्वप्न पाहणाऱ्यांतले एक मोठे उद्योजक, वालचंद हिराचंद, सोलापुरात 1882 साली जन्मले. त्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना 1944 ची. पुढे त्याच कंपनीची फियाट आणि कोलकात्याकडची अँबेसेडर, या दोन गाड्यांवर आपल्या मिस्त्रींच्या पिढ्या घडल्या. दोन्हींच्या मागच्या चाकांवर पोलादी पाटे. पाटा तुटला की उतरवायचा, नवा घालायचा किंवा लोहाराकडून जुन्यालाच बाक देऊन आणायचा. अक्कलकोट रोडच्या बाजूला ट्रकची कामं करणाऱ्यांना आजही हे झोपेत जमेल. इकडे रस्त्यावर फियाट रुळत होती, त्याच दशकात पॅरिसमध्ये एक माणूस स्प्रिंगच काढून टाकण्याच्या मागे होता.

त्याचं नाव पॉल माजेस. इंजिनिअरिंगची पदवी त्याच्याकडे नव्हती. कोवळ्या वयात सिट्रोएनमध्ये लागून तिथेच शिकलेला माणूस. त्याच्यासमोरची अडचण सोपी दिसते, पण प्रत्येक स्प्रिंगला भोवते. स्प्रिंग मऊ ठेवली तर पाच माणसं आणि सामान भरताच गाडीचं बूड खाली बसतं. ती कडक केली तर एकट्या चालकाची हाडं खिळखिळी होतात. माजेसने स्प्रिंगचं काम वायूला दिलं आणि उंची राखण्याचं काम तेलाला.

रचना अशी. प्रत्येक चाकाजवळ पोलादाचा एक गोळा, इंग्रजीतल्या नावावरून सगळे त्याला स्फिअरच म्हणतात. त्याच्या मधोमध रबराचा पडदा. पडद्याच्या एका बाजूला कायमचा कोंडलेला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला तेल. चाक खड्ड्यातून वर आलं की त्याचा दांडा पिस्टन ढकलतो, पिस्टन तेल ढकलतो, तेल पडदा दाबतं आणि नायट्रोजन आकसतो. गोळ्याच्या मानेत बारीक झडप असते, तीच शॉक अॅब्सॉर्बरचं काम करते. गाडीत वजन वाढून ती खाली बसू लागली की हाइट करेक्टर नावाचा व्हॉल्व्ह पंपाकडून जादा तेल आत सोडतो आणि गाडी पूर्वीच्या उंचीवर येते. वजन उतरलं की तेवढंच तेल टाकीत परत. चालकाजवळची दांडी याच व्हॉल्व्हची मूळ उंची बदलते.

1954 मध्ये ही यंत्रणा पहिल्यांदा विक्रीच्या गाडीत आली, सिट्रोएनच्या ट्रॅक्शन आव्हाँच्या सहा सिलिंडरच्या प्रकारात, आणि तीही फक्त मागच्या चाकांवर. त्या गाडीकडे चाचणी म्हणूनच पाहिलं पाहिजे. खरा झेंडा रोवला ऑक्टोबर 1955 मध्ये, पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या सिट्रोएनच्या डीएस या गाडीने. चारही चाकांचं सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग, क्लच आणि गिअर बदलणं, सगळं एकाच पंपाच्या दाबावर. पहिल्याच दिवशी सुमारे 12,000 मागण्या नोंदल्या गेल्याचं मोटारींच्या इतिहासात वारंवार सांगितलं जातं. चाक बदलायची तिची रीत मला आजही फार आवडते. गाडी सर्वांत वर न्यायची, बाजूला टेकण लावायचं, मग दांडी सर्वांत खाली. गाडी टेकणावर राहते आणि चाक आपोआप जमीन सोडतं.

22 ऑगस्ट 1962 रोजी पॅरिसजवळ पेती-क्लामार इथे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळ्यांचा वर्षाव झाला. टायर फुटूनही चालकाने गाडी काबूत ठेवली आणि वेगाने बाहेर काढली. त्या दिवसानंतर या सस्पेन्शनची ख्याती जगभर गेली. रोल्स-रॉइसने 1965 च्या सिल्व्हर शॅडोसाठी सिट्रोएनकडूनच परवाना घेऊन उच्च दाबाची यंत्रणा वापरली, ब्रेकसाठी आणि गाडी समतोल ठेवण्यासाठी. मर्सिडीजने 1975 मध्ये 450 एसईएल 6.9 साठी स्वतःची वेगळी रचना केली.

आता तेलाकडे येऊ, कारण दुरुस्ती करणाऱ्याचं सगळं भवितव्य त्यात आहे. डीएसचं अगदी सुरुवातीचं तेल वनस्पतिजन्य होतं. लवकरच त्याच्या जागी एलएचएस हे कृत्रिम तेल आलं. ते ब्रेक ऑइलच्या स्वभावाचं: हवेतला ओलावा शोषून घेणारं, रंगावर सांडलं तर रंग उतरवणारं. आत आलेल्या पाण्याने पोलादी भाग गंजत. 1966 मध्ये सिट्रोएनने एलएचएम आणलं. हे खनिज तेल, हिरव्या रंगाचं, ओलावा न धरणारं. पण खनिज तेलाला वेगळं रबर लागतं. त्यामुळे सील, पडदे, नळ्यांची रबरं सगळी बदलली आणि ओळखू यावं म्हणून भागांनाही हिरवा रंग दिला. जीएस, सीएक्स, बीएक्स, एक्सएम, झँशिया या पुढच्या सगळ्या गाड्या हिरव्या तेलाच्या. 2001 च्या सी5 पासून तिसरा बदल झाला: नारिंगी रंगाचं एलडीएस. रोल्स-रॉइसही याच वाटेने गेली. 1980 च्या सिल्व्हर स्पिरिटपासून तिथे खनिज तेल आलं, त्याआधीच्या गाड्यांना ब्रेक ऑइलच्या जातीचं लागतं.

आपल्याकडे धोका नेमका इथे आहे. टाकीतली पातळी उतरलेली दिसली की हात स्पेअर पार्टच्या दुकानातल्या डॉट 3 किंवा डॉट 4 च्या बाटलीकडे जातो, 'शेवटी ब्रेकचंच तेल आहे ना' म्हणून. हिरव्या तेलाच्या गाडीत ती बाटली ओतली की रबरं फुगतात, नरम पडतात आणि अख्खी यंत्रणा उतरवावी लागते. उलट चूकही तितकीच वाईट. टाकीत तेल ओतण्याआधी गाडीचं वर्ष, झाकणावरचं नाव, भागांवरचा रंग आणि आतलं तेल या चारही गोष्टी एकमेकींशी जुळतात का ते पाहावं. एक जरी जुळली नाही तर थांबावं.

मूळ रचनाकारांनी घरच्या माणसाचा विचार केला होता, असं मला मनापासून वाटतं. स्फिअर आट्यांवर फिरवून बसवलेला आहे. दाब उतरवला की पट्ट्याच्या पान्याने सैल होतो आणि हाताने निघतो. त्यालाच हात घालायची वेळ सर्वांत जास्त येते, कारण रबरी पडद्यातून नायट्रोजन वर्षानुवर्षं थोडाथोडा निसटत असतो. गाडी जुन्या बैलगाडीसारखी आदळू लागली की चालक रस्त्याला दोष देतो, आणि दोष त्या गोळ्यांत असतो. इंजिन चालू असताना बॉनेटखालून येणारा टक-टक आवाजही ऐकावा. तो पंपाचा दाब ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरचा. निरोगी गाडीत दोन टकटकींत बराच वेळ जातो; काही सेकंदांत पुन्हा येऊ लागला की दाब साठवणाऱ्या मुख्य स्फिअरमधला वायू संपत आला असं समजावं. रात्रभर उभी गाडी खाली बसणं मात्र जुन्या गाड्यांत नेहमीचं आहे, त्याने घाबरायचं कारण नाही.

स्फिअरमध्ये पुन्हा नायट्रोजन भरता येतो, पण घरी नाही. आपल्या पेट्रोल पंपांवर टायरमध्ये नायट्रोजन भरून मिळतो, म्हणून अनेकांना वाटतं की तिथेच काम होईल. टायरला दोन-सव्वादोन बार (हे दाबाचं माप) लागतात. या गोळ्यांत तेल येण्याआधीच गाडीगणिक साधारण 30 ते 75 बार वायू भरलेला असतो, आणि चालू यंत्रणेतला तेलाचा दाब 145 ते 170 बारच्या आसपास जातो. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन तर चुकूनही वापरू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो.

दाबाचे हे आकडे डोक्यात ठेवूनच कामाला बसावं. इंजिन बंद, दांडी सर्वांत खाली, मग रेग्युलेटरवरचा दाब सोडायचा स्क्रू सैल. एवढं झाल्याशिवाय एकही नळी सोडायची नाही. वर उचललेल्या गाडीखाली फक्त तिच्या तेलाच्या भरवशावर कधीही शिरायचं नाही. एक सील गेलं तर गाडी क्षणात खाली येते. भक्कम स्टँड लावायचे, जॅकवरही विसंबायचं नाही. सुईच्या छिद्राएवढी गळती बोटाने शोधू नये. दाबाखालचं तेल कातडी भेदून आत जातं आणि जखम बाहेरून किरकोळ दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावं लागतं. जेसीबीचे होज बदलणाऱ्या आपल्याकडच्या अनुभवी कारागिरांना हे ठाऊक असतं, ते पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती शोधतात.

स्वच्छतेबद्दल खास सोलापूरसाठी एक सांगायला हवं. आपल्या गॅरेजांत हात आणि भाग पुसायला यंत्रमागावरचं सूत, टॉवेलचे तुकडे, कापडाच्या कडा सहज मिळतात. या शहरात त्यांची ददात नाही. पण हाइट करेक्टरच्या आतल्या पिस्टनची आणि त्याच्या घराची फट काही मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागांची, असते. टॉवेलचा एक तंतू तिथे अडकला की गाडी पुढून किंवा मागून वर जाते आणि खालीच येत नाही. उघडलेल्या भागांना धागे न सोडणारं कापडच लावावं, नळ्यांची तोंडं लगेच बंद करावीत, आणि एप्रिल-मेच्या वावटळीत उघड्या अंगणात हे काम काढू नये. टाकीतली जाळी मात्र तेल बदलताना दर वेळी धुवावी. तेल बदलण्याचा जुना दंडक साधारण 60,000 किलोमीटरचा आहे, पण उभ्या राहणाऱ्या गाडीला किलोमीटरपेक्षा तेलाचा रंग पाहावा. हिरवं तेल काळपट-तपकिरी झालं की वेळ आली.

1989 च्या एक्सएमपासून या यंत्रणेत संगणक शिरला आणि घरच्या कारागिराची हद्द आखडत गेली. सेन्सर, विजेवर उघडझाप करणारे इलेक्ट्रो-व्हॉल्व्ह, गरजेनुसार जोडला जाणारा जादा स्फिअर. 2001 च्या सी5 मध्ये ब्रेक या तेलापासून वेगळे झाले आणि पंप इलेक्ट्रिक झाला. आराम वाढला, पण दोष शोधायला स्कॅनर लागू लागला. 2017 मध्ये शेवटची सी5 संपली आणि सिट्रोएनच्या गाड्यांतून ही रचनाच गेली. 2021 मध्ये कंपनी सी5 एअरक्रॉस घेऊन भारतात आली, तिच्या जाहिरातीतले हायड्रॉलिक कुशन हे शॉक अॅब्सॉर्बरच्या टोकाचे थांबे आहेत. ती गाडी उंची बदलत नाही.

टोयोटाची अॅक्टिव्ह हाइट कंट्रोल ही 1998 च्या लँड क्रूझर 100 च्या काळातली वेगळी शाखा. तिच्यात साध्या स्प्रिंगाही आहेत आणि तेल-नायट्रोजनचे गोळेही. वजन दोघांत वाटलेलं. तिचं तेलही तिचंच, सिट्रोएनचं हिरवं किंवा नारिंगी चालत नाही. गाडी सर्वांत खाली आणि सर्वांत वर असताना टाकीतल्या पातळीत पडणारा फरक मोजणं ही तिची घरगुती तपासणी. हा फरक आटत गेला तर गोळ्यांतला वायू संपतोय. जुनी गाडी विकत घेताना ही तपासणी करायला पाच मिनिटं पुरतात आणि विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावं लागत नाही.

सुट्या भागांचं म्हणाल, तर स्फिअर आणि सील युरोपातून मागवावे लागतात, आणि मागवताना त्यावरचा क्रमांक व रंग दोन्ही कळवावेत. टाकीकडे परतणाऱ्या कमी दाबाच्या रबरी नळ्या आपल्याकडच्या खनिज तेल सोसणाऱ्या चांगल्या होजने बदलता येतात. दाबाच्या पोलादी नळ्या 3.5 आणि 4.5 मिलिमीटरच्या, त्यांच्या टोकाची घडण आपल्या ब्रेक पाइपपेक्षा वेगळी. चिंचोळीच्या किंवा अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या बारकाईने काम करणाऱ्या कारागिरापुढे जुनी नळी नमुना म्हणून ठेवली तर टोक तसंच घडवण्याचा प्रयत्न करता येईल, पण ती नळी गाडीवर चढवण्याआधी पूर्ण दाबावर तपासून घ्यावी.